आधी बांध, मग विमा
(पनवेलच्या घरांच्या राखणीचा थोडा इतिहास)

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी सोसायटीच्या इतिहासावर काहीतरी लिहा, असे स्मरणिका समितीने सांगितले. आजवरच्या कार्यकारिणींची नावे, वार्षिक सभांच्या तारखा, गणेशोत्सवाचे फोटो हे सगळे याच अंकात पुढे आहेच. ते पुन्हा लिहिण्यात अर्थ नाही. म्हणून मी जरा वेगळा इतिहास निवडला. पनवेलच्या माणसाने आजवर आपले घर पाण्यापासून, वाऱ्यापासून आणि आगीपासून कसे राखले, आणि घर गेलेच तर ते पुन्हा कोणी उभे करून दिले, हा तो इतिहास. बँकेत पस्तीस वर्षे काढल्यामुळे कर्ज, तारण आणि पॉलिसी या कागदांशी रोजचा संबंध आला. तेव्हा विषय अगदीच परका नाही.

विषय आत्ताच का, हेही सांगतो. येत्या वार्षिक सभेपुढे दोन कागद येणार आहेत. एक, तळातले वीजमीटर आणि पाण्याचा पंप वर घेण्याचे कोटेशन. दुसरा, इमारतीच्या विम्याच्या नूतनीकरणाचा. जिन्यात आणि कट्ट्यावर चर्चा सुरू झालीच आहे. काही जण म्हणतात, "विमा आहे ना, मग मीटर हलवायचा खर्च कशाला?" काही म्हणतात, "विमा म्हणजे पैसे पाण्यात. त्यापेक्षा डागडुजी करा." दोघांचेही थोडे थोडे खरे आहे. म्हणून जरा मागे जाऊन बघू.

जोते, शाकारणी आणि शिलोत्री

पनवेल हे जुने बंदर. मुंबईहून पडाव खाडीने इथे यायचे आणि माल बैलगाडीने घाटावर जायचा. १८३० साली बोरघाटातला गाडीरस्ता झाला आणि गावाचे महत्त्व आणखी वाढले. गाडीची चाके बनवण्याचा इथला धंदा तर जुन्या गॅझेटियरमध्येही नोंदला आहे. १८५२ साली इथे नगरपालिका आली. अशा व्यापारी गावात वाडे होते, वखारी होत्या, आणि बाजूला गाढी नदी होती. गाढी माथेरानच्या डोंगरातून उतरते. डोंगरावर पाऊस कोसळला की काही तासांत पाणी गावाजवळ येते. त्याच वेळी खाडीला भरती असली तर ते पुढे सरकत नाही. पनवेलच्या पुराचे सगळे गणित या दोन वाक्यांत आहे.

जुन्या लोकांना हे गणित पक्के ठाऊक होते. वाड्याला दगडी जोते उंच घ्यायचे. धान्याची कणगी जमिनीला टेकवायची नाही. दस्तऐवजांची पेटी माळ्यावर. मे महिन्याच्या शेवटी शाकारणी, म्हणजे कौले उतरवून, फुटकी बदलून पुन्हा नीट बसवायची. पश्चिमेकडून झड येते म्हणून त्या अंगाला झावळ्यांचे झाप बांधायचे. आगोटीची बेगमी घरात आली की मग मृगाची वाट पाहायची. हा घरटी विमाच होता म्हणा ना! हप्ता मात्र पैशांत नव्हता, कष्टात होता. आणि नुकसान झाल्यावर भरपाई देण्यापेक्षा नुकसानच होऊ नये, यासाठी तो होता.

घरापुरते हे ठीक. पण खाडीचे पाणी एकट्या घराला आवरत नाही. कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, खारजमिनी बांध घालून लागवडीखाली आणलेल्या होत्या. त्यातल्या काही जमिनींना शिलोत्री म्हणत. बाहेरचा मोठा बांध सांभाळण्याची जबाबदारी शिलोत्रीदारांवर असे, आणि त्याबद्दल आतल्या शेतकऱ्यांकडून ठराविक भात त्यांना मिळत असे. माझ्यासारख्या बँकवाल्याला यात एक गोष्ट फार आवडते. बांधाला लागून ज्याचे शेत आहे तोही भात देई, आणि ज्याचे शेत आत लांब आहे तोही देई. कारण बांध एका जागी फुटला तरी खारे पाणी सगळ्यांच्या शेतात पसरायचे आणि पुढची काही पिके बुडायची. "माझे शेत लांब आहे, मी कशाला देऊ," असे म्हणायला तिथे जागा नव्हती. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

विमा कुठून आला

घराच्या विम्याचा जन्म आगीतून झाला. १६६६ साली लंडन शहर जळाले आणि त्यानंतर काही वर्षांतच तिथे घरांना आगीचा विमा देणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यांची एक गंमत आहे. या कंपन्या स्वतःचे बंब आणि आग विझवणारी माणसे ठेवत. भरपाई देण्यापेक्षा आग विझवणे स्वस्त पडते, हे त्यांना पहिल्या काही वर्षांतच कळले होते.

आपल्याकडे १८५० साली कलकत्त्यात ट्रायटन ही पहिली सर्वसाधारण विमा कंपनी निघाली, ती इंग्रजांची. १९०७ साली मुंबईत इंडियन मर्कंटाइल ही कंपनी निघाली. सर्व प्रकारचा सर्वसाधारण विमा करणारी ती पहिली भारतीय कंपनी. पण हा विमा गिरण्या, गोदामे, जहाजे आणि पेढ्यांचा. सामान्य माणसाच्या घरापर्यंत तो पोचलाच नाही. १९७२ च्या कायद्याने या धंद्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १ जानेवारी १९७३ पासून १०७ कंपन्यांच्या चार सरकारी कंपन्या झाल्या. मी बँकेत लागलो तो साधारण याच काळात. त्या वेळी घराचा विमा काढायला आपणहून आलेला ग्राहक मला आठवत नाही. जो विमा निघे तो कर्जामुळे, आणि त्यावर 'बँक क्लॉज' असे. म्हणजे नुकसान झाले तर पैसे आधी बँकेच्या कर्जखात्यात. माणसाला वाटे, घराचा विमा आहे. खरे तर तो आमच्या कर्जाचा विमा होता.

मग घर गेलेल्यांना उभे कोणी केले? १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले, खडकवासला फुटले आणि पुण्यात नदीकाठचे वाडे सकाळच्या काही तासांत गेले. तिथे विम्याचा प्रश्नच नव्हता. सरकारने निसेन हट उभारले, जमिनी दिल्या, आणि लोकांनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढून नवी घरे बांधली. १९९३ साली किल्लारीला तेच. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचे वजन, त्याखाली झोपलेली माणसे गेली. जवळपास आठ हजार. गावे पुन्हा वसवली ती सरकारने आणि समाजाने. आपल्या जिल्ह्यात २४ जुलै १९८९ ला अंबा नदीने जांभूळपाडा धुऊन नेला, तेव्हाही मदतीला आली ती माणसे आणि सरकार. पॉलिसी कोणाकडे होती?

२६ जुलै २००५

त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला फक्त ७३. एकाच मुंबईत एवढा फरक. इकडे माथेरानच्या अंगाने पाऊस आला, गाढी आणि काळुंद्रे दोन्ही नद्या चढल्या आणि वर भरती. पनवेलचा कोळीवाडा, पटेल मोहल्ला, नदीकडचा सगळा सखल भाग पाण्यात गेला. कळंबोलीत सिडकोच्या बैठ्या घरांत पाणी शिरले. महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या आणि जवळपास दोनशे माणसे गेली.

आपली इमारत तेव्हा पाच वर्षांची होती. रंगही उडाला नव्हता. संध्याकाळी पार्किंगमध्ये घोट्याएवढे असलेले पाणी रात्री छातीपर्यंत आले. तळमजल्यावरच्या तिन्ही बिऱ्हाडांना वरच्या मजल्यांवर घेतले गेले. कोणी कोणाला विचारले नाही, दारे उघडीच होती. पहिल्या मजल्यावरच्या एका खोलीत त्या रात्री अकरा माणसे झोपली. स्टोव्हवर पिठले-भात झाला आणि तो जिन्यात बसून खाल्ला. तो प्रसंग जुन्या सभासदांना आठवत असेल.

पाणी दुसऱ्या दिवशी उतरले. खरा त्रास त्यानंतरचा. मीटर पाण्यात, म्हणून चारही मजल्यांवर अंधार. पंप पाण्यात, म्हणून वरच्या टाकीत थेंब नाही. खालच्या टाकीत गटाराचे पाणी मिसळलेले. टँकर आला की चौथ्या मजल्यावरची आजीसुद्धा कळशी घेऊन रांगेत. सोसायटीचे कपाट तळातल्या ऑफिसात होते. भागपत्रांची नोंदवही, इतिवृत्ते, मंजूर नकाशे हे सगळे गच्चीवर दोऱ्यांवर वाळत घातले होते. काही पाने शेवटपर्यंत सुटी झाली नाहीत.

शाखेत तर महिनाभर जत्रा होती. भिजलेल्या नोटा, फुगलेली पासबुके, आणि हातात पॉलिसी धरलेली माणसे. एक दुकानदार आठवतो. माल पुरता बुडालेला. पॉलिसी उघडली तर त्यात पूरच नव्हता! त्या काळच्या आगीच्या प्रमाणित पॉलिसीत वादळ-पूर हा भाग असे, पण प्रीमियम थोडा वाचावा म्हणून तो वगळण्याची सोय होती. कोणीतरी तो वगळून घेतला होता. दुसऱ्याने दहा लाखांच्या मालाचा पाच लाखांचाच विमा घेतला होता. नुकसान दोन लाखांचे. त्याला वाटले, पाच लाखांचा विमा आहे, दोन लाख मिळतीलच. मिळाला एक. विमा निम्म्या किमतीचा तर भरपाईही निम्मी, असा तो नियम. आणि एक बाई आल्या होत्या, त्यांच्या घराची पॉलिसी अगदी चोख होती. त्यांना पैसे मिळाले, पण साडेचार महिन्यांनी. तोपर्यंत मुलांसकट भावाकडे राहिल्या. त्या मला म्हणाल्या, "साहेब, पैसे आले हो, पण मुलाचे दहावीचे वर्ष आणि आईचे फोटो कोण देणार?" याला कुठल्याच कलमात उत्तर नव्हते.

डच बांध आणि आपली धारण तळी

नेदरलँड्सचे उदाहरण आपल्याला जवळचे आहे. १९५३ च्या फेब्रुवारीत समुद्राचे पाणी आत शिरून तिथे १८०० हून अधिक माणसे गेली. त्यानंतर तिथल्या विमा कंपन्यांनी पुराचा विमा देण्यातूनच अंग काढले. अर्धा देश एका वेळी बुडाला तर भरपाई देणार कोठून? मग त्या देशाने पैसा बांधांत आणि समुद्राच्या दारांत घातला. अमेरिकेने उलट वाट धरली. १९६८ साली सरकारनेच पूरविमा सुरू केला.

सिडकोने नवी मुंबई वसवताना काही ठिकाणी डच धर्तीच घेतली. भरतीच्या पातळीपेक्षा जमीन खाली, म्हणून मोठी धारण तळी. भरतीला झडपा मिटतात, पावसाचे पाणी तळ्यात साठते. ओहोटीला झडपा उघडतात, पाणी खाडीत जाते. कल्पना उत्तम. पण तळ्यांत गाळ साचला, खारफुटी वाढली, ती काढायला न्यायालयाची परवानगी लागते आणि झडपा गंजतात. बांध घातला की काम संपत नाही, तो दर वर्षी सांभाळावा लागतो. शिलोत्रीदाराला भात मिळे तो बांध 'घालण्याचा' नाही, 'सांभाळण्याचा'.

शिवाय भोवतालची जमीन बदलते. विमानतळासाठी उलव्याचा डोंगर कापला, नदीचा मार्ग वळवला, भराव पडला. डुंगी-पारगावकडे पाणी शिरू लागल्याच्या तक्रारी आपण वर्तमानपत्रांत वाचल्या. कालच्या पुराची खूण आजच्या पुराला लागू पडेलच असे नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-मुरुडकडे सुपारीच्या बागा आणि घरांचे पत्रे नेले. पाऊस नाही तर वारा. आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. आपल्यापासून काही किलोमीटरवर, एक्स्प्रेसवेवरून दिसणाऱ्या इर्शाळगडाच्या कुशीत. दरडीच्या धोक्याच्या यादीत ते नाव नव्हते, असे तेव्हा विधानसभेत सांगितले गेले. तिथे ना भिंत उपयोगी, ना पॉलिसी. तिथे राखण म्हणजे वेळेवर जागा सोडणे.

आता आपला हिशेब

पाटबंधारे खात्याच्या नकाशात नदीला दोन रेषा असतात. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. "२५ वर्षांतून एकदा, आणि आमचा तर २००५ ला येऊन गेला," असे समजू नका. त्याचा अर्थ दर वर्षी शंभरात चार अशी शक्यता. पुराला मागचा पूर आठवत नसतो. असा हिशेब मांडला तर पुढच्या २५ वर्षांत तो पूर निदान एकदा येण्याची शक्यता ६४ टक्के निघते, आणि लाल रेषेच्या पुराची २२ टक्के. आपली नातवंडे या इमारतीत राहणार असतील तर हे आकडे त्यांचे आहेत.

विमा पूर्वीपेक्षा सुधारला आहे, हे मान्य केलेच पाहिजे. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी सर्व कंपन्यांना द्यावी लागते. त्यात आग, पूर, वादळ, भूकंप, दरड हे सगळे आले. आपण दिलेल्या क्षेत्रफळावर बांधकामाच्या खर्चाने विम्याची रक्कम ठरते, जागेची किंमत त्यात धरत नाहीत. उदाहरणार्थ ६०० चौरस फूट आणि फुटाला २,५०० रुपये धरले तर १५ लाख. घरातले सामान त्याच्या २० टक्के, म्हणजे ३ लाखांपर्यंत, आपोआप येते. कमाल १० लाख. त्या दुकानदाराला लागलेला निम्म्याचा नियमही इथे काढून टाकला आहे. सरकारी मदतीशी तुलना करा. २०२२ च्या निकषांप्रमाणे पूर्ण पडलेल्या पक्क्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार. एवढ्यात घर होत नाही. तेव्हा "विमा म्हणजे पैसे पाण्यात" हे म्हणणे आज तरी टिकत नाही.

पण विमा काय देत नाही तेही वाचा. गच्चीची गळती, जुनाट प्लंबिंग, सळ्यांचा गंज, रोजची झीज हे त्यात येत नाही. आणि ती बाई म्हणाली ते तर कधीच येणार नाही. अंधारातल्या दहा रात्रींचे, कळशी घेऊन जिना चढलेल्या आजीच्या गुडघ्यांचे पैसे कोणी देत नाही.

एक गमतीची गोष्ट. आपल्या आदर्श उपविधीत इमारतीचा विमा सक्तीचा आहे, पण तो आग आणि भूकंपाचा. पुराचे नाव नाही! उपविधी सगळ्या महाराष्ट्राला एकच. नदीकाठच्या पनवेलकरांनी आपल्यापुरती भर आपणच घालायची. म्हणून नूतनीकरणाच्या कागदावर 'पूर' हा शब्द आहे की नाही, एवढे तरी सभेत प्रत्येकाने विचारावे. त्याच उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे संरचनात्मक लेखापरीक्षण पाच वर्षांतून एकदा करायचे असते, आणि बांधकाम खर्चाच्या निदान पाव टक्का दर वर्षी सिंकिंग फंडात जातो. हीसुद्धा आपली शाकारणीच.

राहिला प्रश्न, "मीटर आणि पंपाचा खर्च तळमजल्याने का करू नये? पाणी त्यांच्याकडे येते." हे वाक्य मी कट्ट्यावर दोनदा ऐकले. इथे तो शिलोत्रीचा भात आठवा. तळमजल्याची तीन घरे म्हणजे आपल्या शेताचा बाहेरचा बांध. पाणी आधी तिथे येते, पण मीटर, पंप, टाकी, लिफ्ट सगळ्यांची आहे. २००५ साली चौथा मजला कोरडाच होता, तरी दहा दिवस अंधारात होता. आणि त्या रात्री दारे उघडताना कोणी क्षेत्रफळ मोजले नव्हते. खर्चाच्या वेळी तरी ते का मोजावे?

माझे म्हणणे थोडक्यात असे. आधी मीटर आणि पंप पूरपातळीच्या वर, खालच्या टाकीला घट्ट झाकण, दप्तर वरच्या मजल्यावर आणि त्याची एक प्रत बाहेर, जून लागायच्या आत गटारे आणि गच्चीची तोंडे साफ. मग त्यावर पुराचा उल्लेख असलेला इमारतीचा विमा, आणि ज्याने त्याने आपल्या घराचा व सामानाचा वेगळा विमा. दोन्हींत निवड करायची नाही, क्रम पाळायचा. बांधामुळे नेहमीचे पाणी बाहेर राहील. विमा त्या दिवसासाठी, ज्या दिवशी बांधही पुरणार नाही.

पंचवीस वर्षांत या इमारतीत लग्ने झाली, मुंजी झाल्या, काही मंडळी कायमची गेली, त्यांची मुले आता कार्यकारिणीत आहेत. त्यांना कोरडे घर आणि कोरडे दप्तर देणे हे आपल्या पिढीचे काम. सभेला सर्वांनी यावे, कागद वाचून यावे, आणि तळमजल्याच्या शेजाऱ्यांना आधी बोलू द्यावे. सर्व सभासदांना रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा!

— एक ज्येष्ठ सभासद (निवृत्त बँक अधिकारी)